शैलावहिनीचा जपानचा उन्हाळा

सकाळची प्रार्थना संपवून मी स्टाफरूममध्ये आले, तेवढ्यात फोन वाजला. दादाचा होता. आमच्या सातारा-सांगली भागात असा फोन कसा येतो, हे कुणाला सांगायला नको. “जरा सीरियस हाय, निघून ये,” एवढंच म्हणतात. माणूस गेलेला असतो, आणि ते आपण दारासमोर जमलेली गर्दी बघून समजून घ्यायचं असतं. दादा तसं काही बोलला नाही. म्हणाला, “शैला गेली. आत्ताच, सकाळी. मी जवळ हुतो. मुक्ता विमानात बसलीया, तिला अजून कळलेलं न्हाई. दुपारनंतर मुंबईला उतरंल. तू साताऱ्याला ये, तिला आणायला आपुन दोघं जायचं.” मी खुर्चीवर बसले. सांगलीच्या या शाळेत मी कित्येक वर्षं मुलांना मराठी शिकवते, पण त्या क्षणी मला ‘बरं’ या एका शब्दापलीकडे काही सुचलं नाही… नंतर एसटीत खिडकीशी बसल्यावर लक्षात आलं, की दादानं मला सरळ सांगितलं. तो मुळात असा सरळ सांगणारा माणूस नव्हता. त्याला वहिनीनं तसा केला. आता महिना उलटून गेलाय, आणि ते कसं झालं हे लिहायला बसले, तर तिच्या जपानच्या उन्हाळ्यापासूनच सुरुवात करावी लागतेय.

वहिनी म्हणजे शैला, माझ्या थोरल्या भावाची बायको. मी तिची नणंद, त्यामुळे तिचं कौतुक करायची मला फारशी सवय नाही. ती गेल्यावर ते करावं लागतंय याचा मला रागच येतोय. माहेर औंधचं, सासर कुंडलचं. दादा तेव्हा फौजेत होता, वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा. मुलगी मुक्ता शाळेत जायच्या वयाची झाली, तशा वहिनीनं साताऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. साताऱ्यात अशी बिऱ्हाडं पुष्कळ. बाप सरहद्दीवर, आई आणि लेकरं साताऱ्यात, सासू-सासरे गावाकडं ऊस बघतात. वहिनी उंच, चालणं भरभर, हसणं शेजारच्या घरात ऐकू जाणारं. रिकामं बसणं म्हणजे तिला शिक्षाच वाटायची. मला ‘वन्सं’ म्हणायची, अहोजाहो करायची, आणि त्याच सुरात माझी फिरकीही घ्यायची. “वन्सं, तुमी पोरांना मराठी शिकवता व्हय? मग ती अशी का बोलत्यात?” हे तिनं मला माझ्याच शाळेच्या स्नेहसंमेलनात विचारलं होतं, मुख्याध्यापकांच्या समोर.

जपानी भाषा तिच्या वाट्याला आली ती लसूण सोलता सोलता. मुक्ताची शिकवणी पोवई नाक्याजवळच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर असायची. ती संपेपर्यंत वहिनी जिन्यात बसायची, पिशवीत भाजी नाहीतर लसूण घेऊन. समोरच्या हॉलमध्ये एक निवृत्त इंजिनिअर जपानी शिकवायचे. एमआयडीसीतल्या कारखान्यात जपानी यंत्रांवर त्यांची सगळी नोकरी झाली होती, आता कॉलेजच्या पोरांना भाषा शिकवत होते. उकाड्यामुळे हॉलचं दार उघडं असायचं. एक दिवस सरांनी काहीतरी विचारलं, वर्गात कुणालाच येईना, आणि उत्तर जिन्यातून आलं. सर बाहेर आले. वहिनी घाबरून उठली, तशा मांडीवरच्या लसणाच्या पाकळ्या पायऱ्यांवर सांडल्या. सर म्हणाले, “आत या हो. लसणासकट या.” त्या दिवसापासून ती शेवटच्या बाकावर बसायला लागली आणि वर्ष सरायच्या आत पहिल्या बाकावर पोचली. मी एकदा तिला विचारलं, एवढी अवघड भाषा तुला जमते कशी? तर म्हणाली, “अवघड कुठली? आपल्यासारखीच तर हाय. त्यांचंबी क्रियापद शेवटाला येतं. माणूस काय म्हणतोय ते कळायचं तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.” एवढं बोलून वर मला विचारते, “तुमी ऐकता का कुणाचं शेवटपर्यंत?”

सरांच्या ओळखीनं एका जपानी कॉलेजातल्या उन्हाळी अभ्यासवर्गाची माहिती आली. भाषा आणि संस्कृती दोन्ही शिकवायचे, आणि निवड झाली तर जाण्यायेण्याचं, राहण्याजेवणाचं सगळं तेच बघायचे. सरांनी तिच्या मागे लागून अर्ज करायला लावला, आणि तिची निवड झाली. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण, मुक्ताची शाळा ऐन भरात. दादा फोनवर नुसता “तू? एकटी?” एवढंच म्हणत राहिला. आई म्हणाली, पोरीला सोडून कुठं जातीस. वहिनीनं जायचं नाही असं ठरवून टाकलं, आणि ते तिनं इतकं हसत सांगितलं, की तिला केवढं लागलंय ते मला कळलं. लग्न झाल्यापासून तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती… तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, बोलले. आबा हाडाचे शेतकरी आणि बैलांचे भारी शौकीन. दात बघून बैलाचं वय सांगण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बैल घ्यायचा म्हटलं की लोक त्यांना बाजाराला घेऊन जायचे. ते म्हणाले, “पोरगा वर्षातनं दोनदा तोंड दावतो. त्याला कवा कुणी इचारलं का, घरदार सोडून कशाला जातूस म्हणून? तिलाबी ड्युटी लागलीया असं समजा.” आणि गावाबाहेर मुक्कामाला कधी राजी नसलेले आबा आईला घेऊन साताऱ्याच्या त्या दोन खोल्यांत राहायला आले. मुक्ताचा हात धरून तिला शाळेत सोडायचे आणि सुट्टीच्या दिवशी कुंडलला जाऊन जनावरं आणि ऊस बघून यायचे.

त्या उन्हाळ्याबद्दल वहिनीनं मला इतक्यांदा सांगितलंय, की कधी कधी मीच तिथं जाऊन आल्यासारखं वाटतं. सकाळी वर्ग असायचे. बाकीचे विद्यार्थी देशोदेशीचे, सगळे तिच्या निम्म्या वयाचे. दुपारी कधी ब्रशानं अक्षरं काढायची, कधी चहाचा विधी शिकायचा. त्या विधीला गुडघे दुमडून टाचांवर बसावं लागतं. बाकीची पोरं थोड्या वेळात कण्हायला लागायची. वहिनी मात्र भांगलायला, सारवायला बसलेली बाई, तिला त्याचं काय! पण तो चहा काही तिच्या गळी उतरला नाही. “वाटीभर चहासाठी केवढं ते वाकणं, वाटी फिरवणं… आणि एवढं करून साखर न्हाई.” भाताची खाचरं दिसली की ती थांबायची. तिथले म्हातारे शेतकरी डोक्याला फडकं बांधून चिखलात उभे असायचे. “मागनं बघितलं की आबाच वाटायचे,” म्हणायची. तिनं आबांसाठी तसलं एक सुती फडकं घेतलं, निळ्या लाटांचं. शनिवार-रविवारी तिला एका घरी राहायला पाठवत. त्या घरात एकट्या किमुरा आजी, नवरा वारलेला, मुलगा लांबच्या शहरात. वहिनी त्यांना थालीपीठ करून घालायची, त्या हिला मासे कसे भाजायचे ते शिकवायच्या, आणि संध्याकाळी दोघी परसातले वाफे खुरपत बसायच्या. पण या सगळ्यात तिला सगळ्यात जास्त काय आवडलं, ते तिनं मला एकदाच सांगितलं, आणि तेव्हा ती हसत नव्हती. “वन्सं, तिथं मला समदी नावानं हाक मारायची. शैला-सान, शैला-सान. सूनबाई न्हाई, मुक्ताची आई न्हाई, फौजीची बायको न्हाई. लगीन झाल्यापासनं माझं नाव कुणी एवढं घेतलं नव्हतं.”

दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. बेंदराच्या सणाला आबांनी मुक्ताला घेऊन मातीचे बैल केले होते, ते एकेक करून फोनसमोर धरले. वहिनी तिकडून “ह्याची शिंगं वाकडी हायत, आबा” म्हणून ओरडत होती आणि आबा खोटंखोटं रागावत होते. मीही होते त्या दिवशी साताऱ्यात. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, श्रावण लागता लागता, कुंडलला गोठ्यात वैरण टाकताना आबा खाली बसले, ते उठलेच नाहीत. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

दादा तातडीची रजा घेऊन आला. अग्नी दिला, माणसं पांगली आणि घरची तेवढी सोप्यात बसून राहिलो. मी म्हटलं, वहिनीला कसं कळवायचं? दादा म्हणाला, “कळवायचं न्हाई.” ज्यांच्या घरात कुणी फौजी नाही, त्यांना हे विचित्र वाटेल. पण आमच्याकडे ही रीतच होती. पोरगा ड्युटीवर असला, की घरची वाईट बातमी त्याला द्यायची नाही. हातात बंदूक असते, चार जणांचा जीव त्याच्यावर असतो, त्याचं चित्त ढळायला नको. सुट्टीवर आला, की त्याला पाणी द्यायचं, जेवू घालायचं आणि मग सांगायचं. माझी आजी गेली, तेव्हा दादापासूनही असंच लपवलं होतं. “आबाच म्हणालं हुतं न्हवं, तिला ड्युटी लागलीया म्हणून?” दादा म्हणाला. “मग फौजीला जसं, तसंच तिला. कोर्स पुरा करून येऊ दे.” आम्हा सगळ्यांना ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, त्यात तिचा मान केल्यासारखंच वाटलं. घरातल्या बाईला पहिल्यांदाच कुणी ड्युटीवरचं माणूस मानत होतं. पुढच्या रविवारी वहिनीनं फोनवर “आबा कुठं हायत गं?” म्हणून विचारलं, तेव्हा दादा फोनच्या मागे, तिला दिसणार नाही असा बसला होता, आणि त्यानं शिकवलं होतं तसं मुक्ता म्हणाली, “रानात गेलेत.” मुक्ता तेव्हा नऊ वर्षांची होती.

तेराव्याचे पाहुणे अजून घरात होते, तेव्हा फोनवर वहिनीनं पाठवलेला फोटो आला. ऑगस्टच्या मध्याला जपानमध्ये पितरांचा सण असतो. त्या दिवसांत घरची गेलेली माणसं परत घरी येऊन जातात, असं मानतात. त्यांना यायला घोडा म्हणून काकडीला काड्यांचे चार पाय लावायचे, लवकर यावीत म्हणून; आणि परत जायला बैल म्हणून वांग्याला, सावकाश जावीत म्हणून. किमुरा आजींनी वहिनीला विचारलं, तुझं कोण गेलंय, कुणाला बोलवायचं? वहिनीनं आपल्या वडिलांचं नाव घेतलं, ते औंधला पूर्वीच वारले होते. आणि सासरे? सासरे खणखणीत आहेत, म्हणाली, बैलांचे पारखी आहेत, हा वांग्याचा बैल बघितला तर हसून लोळतील. म्हणून तिनं त्या बैलाचा फोटो काढून पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘आबांना दाखवा. किती दाती आहे ते विचारा.’ फोन आमच्या हातोहात फिरला. आई तोंडात पदर धरून आत गेली. दादा बराच वेळ फोन घेऊन बसला आणि मग त्यानं लिहिलं, ‘आबा हसले. चार दाती आहे म्हणाले.’ तिकडे वहिनीनं किमुरा आजींना बैलाचे दात ही काय भानगड असते ते जपानीत समजावून सांगितलं, आणि दोघी म्हणे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

परत आली तेव्हा तिला मुंबईच्या विमानतळावरून आणायला दादा एकटा गेला होता. सबंध रस्ताभर तो काही बोलला नाही. वहिनीच बोलत होती… आबांचं फडकं काढून दाखवलं, किमुरा आजी निरोपाला स्टेशनवर कशा आल्या ते सांगितलं. गाडी साताऱ्याला न थांबता पुढं कुंडलला का चाललीय, हे तिनं विचारलं, तर म्हणाला, समदी तिकडंच हायत. दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी होती. वहिनी वाकून पाया पडली, वर बघितलं, आणि आईचं कपाळ मोकळं होतं.

ती रडली नाही, ओरडली नाही. “कवा?” एवढंच विचारलं. आईनं सांगितलं. वहिनी उभ्या उभ्या मनाशी काहीतरी जुळवत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे त्या वांग्याच्या बैलाच्या आधी. आज्जी मला इचारत हुती कुणाला बोलवायचं, आणि मी आबांना सोडून हसत बसले.” संध्याकाळी मी चुलीपुढे होते आणि ती दोघं मधल्या खोलीत. तिचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. “माझ्या पोरीच्या तोंडनं खोटं बोलवलंत तुमी.” दादा म्हणाला, “फौजेत असंच करत्यात. तुला मी फौजी मानलं.” “मग फौजीला तरी कवा कुणी इचारलं, त्याला हे चालतंय का?” तिनं परत विचारलं, “तुमची आज्जी गेल्याचं तुमाला कसं कळलं हुतं?” मग दादाचा आवाज आला, तसा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. “कराडच्या स्टँडवर. सुट्टीवर येत हुतो. गावचा एकजण भेटला, आज्जीचं वाईट झालं म्हणाला. माझ्या ट्रंकेत तिच्यासाठी घेतलेली शाल हुती… घरी आलो तर समदी हसून बोलत हुती, आधी जेव म्हणत हुती. मला कळलंय हे मी कुणाला सांगितलंच न्हाई. जेवलो.” “चाललं का?” वहिनीनं विचारलं. “न्हाई,” दादा म्हणाला. “न्हाई चाललं.”

पुढं कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. मला वाटायचं, जपान, जपानी, सगळं ती आता सोडून देईल. पण ती काही सोडणारी बाई नव्हती. वर्षानं ऑगस्टच्या मध्याला ती कुंडलला आली, परड्यातून एक काकडी आणि एक वांगं तोडून आणलं आणि उंबऱ्याशी बसून त्यांना काड्यांचे पाय लावायला लागली. शेजारच्या बायका बघायला जमल्या. आई आधी फणकारली, मग जवळ येऊन बसली आणि म्हणाली, “ही काकडी कशाला?” वहिनी म्हणाली, “घोडा हाय तो. आबांना यायला.” आई म्हणाली, “आगं, घोड्यावर कवा बसलं हुतं ते? भ्यायचं घोड्याला. काढ ती काकडी. दोन्ही बैलच कर.” वहिनी हसायला लागली, ते हसता हसता रडायला लागली, आणि आबांसाठीचं तिचं रडणं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आई तिला थोपटत राहिली आणि दादा परड्यात जाऊन दुसरं वांगं घेऊन आला.

सरांचं वय झालं, तसा त्यांनी तो जपानीचा वर्ग वहिनीकडे सोपवला. तोवर साताऱ्यातून नर्सिंग झालेल्या मुली, आयटीआयची पोरं जपानला नोकरीला जायला लागली होती. तिच्या हाताखालून अशी पुष्कळ गेली. त्या वर्गात तिनं एक रीत पाडली. जाणाऱ्या विद्यार्थ्यानं निघायच्या आधी आईबापांना घेऊन तिच्या घरी चहाला यायचं, आणि आईबापांनी पोराच्या समोर सांगायचं, की घरात काही बरंवाईट झालं तर तुला त्याच दिवशी कळवू. भरपूर साखरेचा चहा असायचा, पण हे वाक्य म्हटल्याशिवाय ती कुणाला उठू द्यायची नाही. एकदा एक निवृत्त सुभेदार बिथरले. “आवं मॅडम, पोरगी एवढ्या लांब. ऐकून करणार काय ती? नुसती झुरंल.” वहिनी म्हणाली, “झुरू द्या की. तिचा हक्क हाय तो.” सुभेदारांनी दादाकडे बघितलं, एक फौजी दुसऱ्याची बाजू घेईल अशा आशेनं. दादा तोवर पेन्शनीत आला होता आणि अशा चहाच्या वेळी कप धुवायचं काम त्याच्याकडे असायचं. तो आतूनच म्हणाला, “म्हणून टाका सायब. सुटका न्हाई.”

मुक्ताही पुढं जपानलाच शिकायला गेली. तिला पाठवतानाही तसाच चहा झाला होता, आणि ते वाक्य वहिनी आणि दादा दोघांनीही म्हटलं होतं. आणि मग गेल्या वर्षी वहिनीचं दुखणं निघालं. उपचार सुरू आहेत, एवढं मुक्ताला ठाऊक होतं. पण शेवटी शेवटी डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा साताऱ्याच्या दवाखान्यात पडल्या पडल्या वहिनीनं काय म्हणावं? “तिला आत्ता सांगू नका. तिच्या शेवटच्या परीक्षेचे दिवस हायत. ती झाली की मग बोलवा.” मी उशाशी होते. मी तिच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांकडून वदवून घेतलेलं, ते स्वतःच्या लेकीची वेळ आली तशी एका झटक्यात सोडून मोकळी… आई होती ती, दुसरं काय! दादा पायाशी उभा होता. म्हणाला, “न्हाई.” ती म्हणाली, “आवं, माझं ऐका.” तो म्हणाला, “एवढी वर्षं तुझंच ऐकलंय. म्हणून तर न्हाई म्हणतोय.” आणि तिथंच, तिच्या समोर उभं राहून, त्यानं मुक्ताला फोन लावला, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं आणि फोन वहिनीच्या कानाला धरला. दोघी मायलेकी जपानीत बोलल्या. काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही, आम्ही विचारलंही नाही. फोन ठेवल्यावर वहिनी दादावर रुसून भिंतीकडे तोंड करून पडली. थोड्या वेळानं तशीच पाठमोरी म्हणाली, “कवा पोचतीया ती?”

ती पोचेपर्यंत वहिनी थांबली नाही. त्या सकाळी मी साताऱ्यात उतरले, तेव्हा दवाखान्याच्या आवारात भावकीतली माणसं जमली होती. सगळ्यांचं एकच म्हणणं. विमानतळावर दुसरं कुणालातरी पाठवा, आणि पोरीला वाटेत काही बोलू नका, सीरियस हाय म्हणा, घरी आल्यावर कळंलच की. दादानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि गाडीत ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसला. मी शेजारी बसले. मुंबईच्या वाटेवर मध्येच एकदा तो म्हणाला, “कसं सांगायचं असतं गं? मला कुणी कवा सांगितलंच न्हाई.”

मुक्ता सामानाची गाडी ढकलत बाहेर आली. आम्हाला बघून थबकली. “बाबा, आई कशी आहे?” दादा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, ड्युटीवर उभा राहायचा तसा ताठ. म्हणाला, “आई गेली, मुक्ता. आज सकाळी. तू विमानात हुतीस तवा.” ती खाली बसली, तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मध्ये. दादाही तिच्याशेजारी फरशीवर बसला आणि तिला सगळं सांगायला लागला. पहाटे वहिनीनं पाणी मागितलं, दोन चमचे घेतलं. मुक्ता कुठवर आली ते विचारलं. विमानात बसली म्हटल्यावर डोळे मिटले, तिचा हात त्याच्या हातात होता. माणसं आम्हाला वळसा घालून जात होती आणि तो एकेक गोष्ट सांगत होता, काही न वगळता. मुक्ता रडत होती आणि मध्ये मध्ये विचारत होती, मग? मग काय झालं? गाडीतही ती दोघं बोलतच होती. वहिनीला काय आवडायचं, ती कशी रागवायची, दवाखान्यात नर्सला जपानी आकडे कसे शिकवत होती. एकदा तर मुक्ता रडता रडता हसलीसुद्धा.

पनवेल मागं पडलं तेव्हा अजून उजेड होता. मुक्तानं डोळे पुसले आणि विचारलं, “आजीला सांगितलंत?” दादा खिडकीबाहेर बघायला लागला. आई आता खूप थकलीय. कुंडलला घरीच असते, दिसायलाही कमी आलंय. “तिचं वय झालंय गं,” दादा म्हणाला. “तिला सोसायचं न्हाई. उद्या आपुन समदी तिकडं गेलो की मग…” “बाबा,” मुक्ता म्हणाली. एवढंच म्हणाली, पण सूर थेट वहिनीचा होता. दादानं फोन काढून स्पीकरवर लावला. शेजारच्या बाईनं उचलला आणि आईकडे नेऊन दिला. दादाचा आवाज आता मात्र फुटला. “आई… शैला गेली गं. आज सकाळी.”

पलीकडून आई बोलायला लागली, हळू, एकेक शब्द करत. “सकाळधरनं समदी माझ्याम्होरं गप बसत्यात. भाकरी आणून ठेवत्यात आणि बोलत न्हाईत. मला काय कळत न्हाई व्हय? कवाधरनं वाट बघत बसलीया, कोण सांगतंय म्हणून.” मग म्हणाली, “पोरगी हाय न्हवं तिथं? तिला दे फोन.”